कार्यकर्ता घडवण्याचा खर्च कोणाचा?

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



लोअर परळ स्टेशनच्या पूर्वेकडून जो मोठा रस्ता जातो, त्याला नारायण मल्हार जोशी यांचे नाव आहे. जुनी मंडळी अजून डिलाईल रोडच म्हणतात. सकाळी लोकलमधून उतरून कचेरीच्या दिशेने धावणाऱ्या गर्दीत जोशी कोण हे सांगू शकणारे फार थोडे असतील. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने सुरू केले. १९२० साली आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुस्तकांतून एवढे सापडते. त्यामागची एक गोष्ट मात्र सहसा मागे पडते. जोशी हे प्रशिक्षण घेऊन तयार झालेले कार्यकर्ते होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजेच भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदाने पाच वर्षे प्रशिक्षण घ्यावे असा नियमच केला होता. देशसेवेची तळमळ असली तरी अभ्यासावाचून ती फार लांब जात नाही, हे गोखल्यांना पक्के ठाऊक होते. शिक्षकी पेशा सोडून जोशी १९०९ साली या समाजात आले आणि दोनच वर्षांत लीगच्या कामाला लागले.

मंत्रिमहोदय, आज त्याच रस्त्यावर काम करणाऱ्या विशीतल्या कार्यकर्त्याला युवकांमध्ये काम कसे करावे हे शिकवणारी हक्काची, कायमची सरकारी व्यवस्था नाही. हे पत्र त्या एका मागणीसाठी आहे.

हा कार्यकर्ता कोण, ते आधी नीट पाहावे लागेल. तो गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा सरचिटणीस किंवा खजिनदार असतो. वर्गणीची पावती पुस्तके सांभाळतो, जमाखर्चाचा अहवाल छापून घेतो, मंडपाच्या परवानगीसाठी पालिका, पोलीस, वाहतूक शाखा आणि अग्निशमन दल असे उंबरठे झिजवतो. गोविंदा पथकाच्या सरावाला रात्री उशिरापर्यंत उभा राहतो आणि खालच्या थराला कोण, वरच्या थराला कोण हे ठरवतो, म्हणजे प्रत्यक्षात दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाची जबाबदारी घेतो. रक्तदान शिबिर भरवतो. कोणाला केईएम रुग्णालयात खाट मिळत नाही तर रात्री दोन वाजता फोन त्यालाच येतो. दहावीनंतर शाळा सुटलेला मुलगा नाक्यावर चुकीच्या संगतीला लागला तर त्याची आई पहिल्यांदा याच्याकडे येते, समुपदेशकाकडे जात नाही. ही कामे करणाऱ्या मुलीही आहेत. बचत गट, वाचनालय, कबड्डीचा संघ, मुलांची अभ्यासिका अशा ठिकाणी त्या उभ्या असतात आणि मंडळाच्या कार्यकारिणीत त्यांची नावे अजूनही शेवटच्या ओळीत येतात.

या सगळ्याचा मोबदला शून्य असतो, आणि तशी कोणाची अपेक्षाही नसते. अपेक्षा असते ती हे काम नीट जमण्याची.

एके काळी गिरण्यांच्या या भागात, गिरणगावात, हे काम शिकण्याच्या जागा होत्या. चाळ कमिटी, युनियनची बैठक, व्यायामशाळा, भजनी मंडळ, कलापथक, रात्रशाळा. बी.डी.डी. चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पोरांना मावायला जागाच नसे, म्हणून ती बाहेर वाढत आणि बाहेरची वडीलधारी माणसे त्यांना घडवत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ साली याच वातावरणात उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून शाखा आणि शिबिरांतून पिढ्या तयार केल्या. सभा कशी चालवायची, भांडण कसे मिटवायचे, हिशेब चार माणसांसमोर कसा मांडायचा हे तिथे सरावातून अंगात मुरत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर गिरण्या मोडल्या, त्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले. गिरण्यांबरोबर कार्यकर्ता घडवणाऱ्या या जागाही विरत गेल्या, त्याबद्दल फारसे लिहिले गेले नाही. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि खानावळी आल्या. कामगाराचा नातू आता तिथे सुरक्षारक्षक आहे, विक्रेता आहे, नाहीतर दुचाकीवरून जेवण पोचवतो. युनियनची बैठक त्याने पाहिलेली नाही.

मंडळे मात्र टिकली. चिंचपोकळीचे १९२० चे, लालबागच्या गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे मंडळ आजही उभे आहे, आणि लोअर परळच्या गल्लीगल्लीतली छोटी मंडळेही. २०२० च्या करोनाच्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवून आणले. लोअर परळ ज्यात येते तो पालिकेचा जी दक्षिण विभाग त्या साथीत सुरुवातीलाच मोठा फटका बसलेल्या विभागांपैकी होता. त्या महिन्यांत धान्याची पाकिटे आणि औषधे जिन्याजिन्याने वर नेणारी पोरे याच मंडळांची होती. संघटनेची ताकद अजून शाबूत आहे याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

ताकद आणि तयारी यांत मात्र अंतर असते, आणि लोअर परळने ते अंतर एकाच वर्षी दोनदा पाहिले. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. आसपासची माणसे, तरुण पोरे हातातले काम टाकून धावली. जखमींना उचलून केईएमकडे नेले. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात आग लागली आणि १४ जण दगावले, त्यांतले बरेचसे गुदमरून. मदतीला धावणाऱ्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. श्वास कोंडलेल्या माणसाला कसे झोपवावे, छातीवर दाब कसा द्यावा, गर्दीला कोणत्या बाजूने मोकळे करावे हे किती जणांना माहीत असते, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. त्याचे उत्तर धैर्यात नाही, शिक्षणात आहे.

आता शासन काय करते ते पाहू. काहीच करत नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

राज्याचे युवा धोरण २०१२ साली आले. जिल्हा युवा पुरस्कार दिले जातात, त्यात युवक-युवतीला १० हजार आणि संस्थेला ५० हजार रुपये मिळतात. राज्यस्तरावर याहून मोठी रक्कम आहे. व्यायामशाळांना बांधकाम आणि साहित्यासाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला गेला. गोविंदांच्या विम्याचा हप्ता शासन भरते, दुर्दैवाने मृत्यू झाला तर १० लाखांचे संरक्षण असते. २०२५ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. प्रत्येक निर्णयाचे स्वागतच आहे. मात्र ही यादी पुन्हा वाचली की पोकळी दिसते. काम करून झाल्यावर पुरस्कार आहे. व्यायामशाळेत लोखंडाला पैसे आहेत, तिथे पोरांना वळण लावणाऱ्या माणसाला नाहीत. गोविंदा पडल्यावर विमा आहे, पण थर लावणाऱ्याला मानेची आणि मणक्याची दुखापत ओळखायला शिकवणारी तरतूद नाही. उत्सवाला राज्याचा मान आहे, तो उत्सव अंगावर घेणाऱ्याच्या शिक्षणाला नाही.

दुसरी बाजू विद्यार्थ्यांची. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची, सात दिवसांचे शिबिर करायचे. ही योजना चांगली आहे, अनेक उत्तम कार्यकर्ते तिने दिले. पण ती महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत आहे. नेहरू युवा केंद्रे १९७२ पासून मुख्यतः गावांच्या युवक मंडळांत काम करत आली, त्यांच्या राष्ट्रीय युवा स्वयंसेवकाला महिन्याला ५ हजार रुपये मानधन मिळे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्राने मेरा युवा भारत ही नवी व्यवस्था आणली. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपला पदवी आणि किमान ६० टक्के गुण लागतात. बारावीनंतर नोकरीला लागलेला, संध्याकाळी मंडळाच्या खोलीत मुलांचा अभ्यास घेणारा तरुण या साऱ्यांतून निसटतो. शहरातल्या चाळीत आणि झोपडपट्टीत सर्वांत जास्त युवककार्य करणारा वर्ग नेमका हाच आहे.

मंत्रिमहोदय, स्वयंसेवकाला शासन खर्चाने शिकवू शकत नाही असेही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपदा मित्र योजनेत देशातल्या ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरवले. प्रत्येकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण, बचावकार्याच्या साहित्याचा संच आणि तीन वर्षांचा विमा. मुंबई महापालिकेची आपत्ती व्यवस्थापनाची प्रशिक्षण संस्था तर परळमध्येच आहे, लोअर परळपासून चालत जाण्याच्या अंतरावर. म्हणजे अभ्यासक्रम बसवणे, प्रशिक्षक नेमणे, ओळखपत्र देणे, विमा काढणे हे सगळे करून दाखवलेले आहे. पूर आणि आगीसाठी जे जमले, ते वर्षाचे ३६५ दिवस चालणाऱ्या युवककार्यासाठी का जमू नये?

कारण संकटे फक्त पुलावर आणि आगीत येत नाहीत. मंडळाच्या खोलीत एखादी चौदा वर्षांची मुलगी आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल ताईला काही सांगून जाते. पोक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा २१ व्या कलमानुसार गुन्हा आहे. किती युवा कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? मुलीला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावू नये, चार जणांत चर्चा करू नये, १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर मदत मिळते, हे कोणी सांगितले आहे त्यांना? अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या मुलाला मारून सुधारता येत नाही हे कळायलाही शिक्षण लागते. जगणे नकोसे झाल्याचे मित्र बोलून दाखवतो तेव्हा त्याला उपदेश न करता ऐकून कसे घ्यावे, १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकाशी त्याला कसे जोडून द्यावे, हे शिकवता येते आणि शिकवलेच पाहिजे. सध्या या गोष्टी कार्यकर्ता चुका करत शिकतो, आणि त्या चुकांची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाला मोजावी लागते.

हे शिकवण्याची परंपरा याच शहराची आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या नागपाडा नेबरहूड हाऊसमधल्या वस्तीकामातून १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शिक्षणसंस्था निघाली, तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. १०९८ ही चाइल्डलाइन १९९६ साली याच संस्थेच्या एका प्रकल्पातून मुंबईत सुरू झाली. मरीन लाइन्सचे निर्मला निकेतन महाविद्यालय १९५५ पासून समाजकार्य शिकवते. युवा या संस्थेचे वस्त्यांमधले काम १९८४ पासूनचे. गडचिरोलीच्या सर्चने २००६ पासून निर्माण या उपक्रमातून तरुणांना आयुष्याचा हेतू शोधायला मदत केली. शिक्षक आहेत, अनुभव आहे, मराठीत शिकवू शकणारी माणसे आहेत. लोअर परळच्या कार्यकर्त्याला त्यांच्यापर्यंत नेणारा पूल शासनाने बांधायचा आहे.

परदेशातले एक उदाहरण इथे खरोखर उपयोगाचे आहे. जर्मनीत मुलांची शिबिरे, क्रीडा गट, तरुण मंडळे चालवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी १९९९ पासून देशभर युलाइका नावाचे एक ओळखपत्र आहे. सोळा वर्षांवरच्या कोणालाही ते मिळू शकते. त्यासाठी साधारण ३० तासांचे प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचा पाठ पूर्ण करावा लागतो. कार्डाची मुदत तीन वर्षे, नंतर उजळणी. अनेक प्रांतांत अशा स्वयंसेवकाला कामावरून खास रजाही मिळते. यातली सर्वांत शिकण्यासारखी बाब अशी, की प्रशिक्षण सरकारी अधिकारी देत नाहीत. ते युवक संघटनाच देतात. सरकार दर्जा ठरवते, खर्चाला हातभार लावते आणि कार्डाला मान देते. इंग्लंडने १९६० च्या अल्बेमार्ल अहवालानंतर लेस्टरला युवक नेत्यांसाठी राष्ट्रीय महाविद्यालय काढले होते, ते १९७० मध्ये बंद झाले. एका मोठ्या संस्थेपेक्षा गावोगाव पसरलेली छोटी व्यवस्था अधिक टिकते, असे या दोन उदाहरणांवरून वाटते.

एक आक्षेप नक्की येईल आणि तो गंभीर आहे. शासनाने पैसे दिले की स्वयंसेवक शासनाचा होईल, किंवा सत्तेवर असलेल्या पक्षाचा. गिरणगावाला ही भीती नवी नाही. इथल्या तरुणाला राजकीय पक्षांनी नेहमीच हेरले, कामाला लावले, काहींना मोठेही केले. पक्षाने आपले कार्यकर्ते घडवावेत, तो त्याचा हक्क आहे. पण सार्वजनिक पैशातून होणारे प्रशिक्षण कोणत्याही झेंड्याखाली होता कामा नये. म्हणून अभ्यासक्रम, प्रशिक्षक आणि निवड यांवर देखरेख ठेवणारे मंडळ स्वायत्त हवे. त्यात समाजकार्याच्या शिक्षणसंस्था, अनुभवी युवक संघटना, महिला कार्यकर्त्या आणि बालहक्कांचे काम करणारी माणसे असावीत. प्रशिक्षणस्थळी कोणाचेही छायाचित्र असलेला फलक लागू नये, ही अट लेखी असावी. क्षुल्लक वाटणारी ही अट या शहरात फार मोठी आहे.

जागेचा प्रश्न लोअर परळमध्ये तरी सुटलेला आहे. सेनापती बापट मार्गावर हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवनात महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचे मुख्य कार्यालय आहे. १९५३ च्या कायद्याने उभे राहिलेले हे मंडळ कामगार, मालक आणि शासन यांच्या वर्गणीवर चालते. त्याच्या नाट्यस्पर्धा, कबड्डी स्पर्धा, केंद्रे यांनी कामगारांच्या दोन-तीन पिढ्यांना मंच दिला. कामगाराचे नाव बदलले, मॉलमध्ये आणि दुचाकीवर आले, पण तो कामगारच आहे. त्याच्यातल्या युवक कार्यकर्त्याचे प्रशिक्षण या भवनात झाले तर ते मंडळाच्या मूळ हेतूला धरूनच होईल. जोडीला संध्याकाळी मोकळ्या असणाऱ्या पालिकेच्या शाळांच्या खोल्या आहेत. बी.डी.डी. चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ इमारतींतली २,५६० कुटुंबे पाचशे चौरस फुटांच्या घरांत जातील. घर मोठे होईल, ही आनंदाची बाब आहे. त्या टॉवरखाली तरुणांना एकत्र बसण्याची खोली राहील याची काळजी आत्ताच, नकाशा हातात असताना घेतली पाहिजे.

वेळेचा विचार मात्र नव्याने करावा लागेल. मॉलमध्ये काम करणाऱ्याला रविवारी सुटी नसते, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी असते. दुचाकीवाल्याचा दिवस बुडाला की कमाई बुडते. सकाळी ११ ते ५ असे सरकारी वेळापत्रक ठेवले तर वर्ग रिकामे राहतील आणि मग 'प्रतिसाद नाही' असा शेरा मारून योजना गुंडाळली जाईल. म्हणून वर्ग संध्याकाळचे, मधल्या वारांचे, सुटीच्या दिवशीचे असे वेगवेगळे हवेत. मुलींसाठी घराजवळ, आणि लहान मूल असलेल्या तरुण आईसाठी त्याच इमारतीत बालवाडीची सोय हवी. बुडालेल्या मजुरीचा भत्ता हवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून शिक्षणानुसार महिन्याला ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन शासनाने दिले. तरुणाच्या शिकण्याच्या काळाला पैशाचे मोल आहे हे तत्त्व म्हणजे शासनाने मान्य केलेच आहे.

या मागणीत आणखी एक टप्पा आहे. स्वयंसेवक कितीही तयार केला, तरी त्याच्या पाठीशी पूर्णवेळ, पगारी आणि शिकलेला युवक कार्यकर्ता हवा. प्रत्येक महापालिका विभागात असा किमान एक माणूस किंवा बाई हवी, जिच्याकडे मंडळाचा पोरगा अडचण घेऊन जाईल. खेळाच्या प्रशिक्षकासाठी १९६१ पासून पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे. युवक विकासाचे उच्च शिक्षण देणारी राजीव गांधी राष्ट्रीय संस्था तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरला आहे. महाराष्ट्राने स्वतःच्या विद्यापीठांत, मराठीत, नोकरीसह करता येईल अशी युवककार्याची पदविका सुरू करावी. या पदविकेच्या प्रवेशाला टक्क्यांची अट नको, कामाच्या वर्षांची असावी.

मंत्रिमहोदय, सुरुवात लहानच असू दे. येत्या अर्थसंकल्पात युवक कार्यकर्ता प्रशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. पहिल्या वर्षी मुंबई शहर जिल्ह्यात लोअर परळ, लालबाग, वरळी, शिवडी, नायगाव या पट्ट्यातल्या मंडळांचे, व्यायामशाळांचे, गोविंदा पथकांचे, महिला गटांचे कार्यकर्ते निवडावेत. त्यांना ५० तासांचे मूलभूत प्रशिक्षण, तीन वर्षे मुदतीचे ओळखपत्र आणि विमा द्यावा. वर्षाअखेरीला काय जमले, काय फसले याचा अहवाल विधिमंडळासमोर ठेवावा आणि मग पुढची पावले टाकावीत. वर्षभर थर लावणारी, रक्त गोळा करणारी, रात्री रुग्णालयाच्या दारात उभी राहणारी ही मुले-मुली शासनाकडे नोकरी मागत नाहीत. त्यांना शिकवण्याची जबाबदारी आपल्या खात्याने घ्यावी, ही विनंती.

आपला स्नेहांकित,
लोअर परळचा एक रहिवासी